फोटोला ‘पर’ म्हणणारी गावं

तिबेटचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. ल्हासाचा पोताला राजवाडा, निळ्याशार आभाळाखाली फडफडणाऱ्या पताका, लाल वस्त्रांतले भिक्षू. म्हणून वाचक विचारतात तो प्रश्न अगदी रास्त असतो : ‘इतके फोटो असताना तिबेटी गावांची आणखी वेगळी नोंद कशाला हवी? फोटो काढणं आणि नोंद ठेवणं यात फरक तो काय?’

उत्तरासाठी आधी घरातला लग्नाचा जुना अल्बम काढा. नवरा-नवरी पानापानावर आहेत. पण हळद कुणी दळली, मांडव कुणी घातला, शेवटच्या पंगतीला वाढायला कोण होतं, हे अल्बममधून कळत नाही. त्यासाठी आजीला विचारावं लागतं. आजी गेली की फोटो तसेच राहतात आणि त्यांतली माणसं अनोळखी होतात.

तिबेटी खेड्यांचं तसंच झालं आहे. फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांत कोण आहे आणि काय चाललं आहे ते सांगणारं माणूस जवळ नाही. फोटोची नोंद कशी होते, ते आपण या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

१. आधी ठरवू या : कुठलं गाव?

तिबेटी पठाराची सरासरी उंची ४,००० मीटरच्या पुढे आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी त्या पातळीला पोचत नाहीत. या अफाट प्रदेशाचे परंपरेने तीन भाग मानतात : ल्हासा आणि शिगात्से ज्यात येतात तो ऊ-त्सांग, पूर्वेकडचा खाम आणि ईशान्येकडचा आम्दो. आजच्या नकाशावर ही गावं तिबेट स्वायत्त प्रदेशात आहेत, तशी छिंगहाय, गान्सू, सिच्वान आणि युन्नान या चिनी प्रांतांतही आहेत. पोशाख, घराची बांधणी आणि बोली प्रत्येक भागात बदलते. ल्हासाच्या माणसाला आम्दोची बोली सहज समजत नाही.

दुसरा भेद पोटापाण्याचा. नदीखोऱ्यात सातू पिकवणाऱ्याला ‘रोंगपा’ म्हणतात. याक आणि मेंढ्या घेऊन कुरणांवर राहणारा तो ‘ड्रोकपा’. थोडी शेती आणि थोडी जनावरं सांभाळणाऱ्यांना ‘समाड्रोक’ असा तिसरा शब्द आहे. रोंगपाचं घर मातीचं किंवा दगडी, सपाट धाब्याचं. ड्रोकपाचा तंबू याकच्या काळ्या केसांच्या कापडाचा.

म्हणून ‘तिबेटी गाव’ एवढं लिहून भागत नाही. ‘भारतीय जेवण’ असं लिहिलेल्या फोटोवरून ताटात भाकरी आहे की भात हेसुद्धा कळत नाही, तसंच हे. नोंदीची पहिली पायरी म्हणजे जागा नेमकी सांगणं : प्रदेश, खोरं, गाव आणि जमलं तर वाडी.

२. कॅमेरा कुणाच्या हातात होता?

फोटोत काय दिसतं हे बरंचसं कॅमेरा कुणाच्या हातात आहे यावर ठरतं. तिबेटच्या बाबतीत तो दीर्घकाळ बाहेरच्यांच्या हाती होता.

बुर्यात वंशाचे रशियन अभ्यासक गोम्बोझाब त्सिबिकोव्ह १९०० साली यात्रेकरू म्हणून ल्हासाला पोचले आणि तिथे त्यांनी चोरून फोटो काढले. त्यांचे आणि काल्मिक यात्रेकरू ओव्शे नोर्झुनोव्ह यांचे फोटो १९०५च्या जानेवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ११ पानं भरून छापले. जगाने ल्हासा पाहिलं ते असं, दुरून आणि लपून. पुढे ब्रिटिश अधिकारी आले. १९२० ते १९५० या काळातल्या त्यांच्या फोटोंचा सहा हजारांवर प्रतिमांचा संग्रह आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयामुळे पाहता येतो. इटालियन विद्वान जुझेप्पे तुच्ची यांच्या मोहिमांत फोस्को माराइनींनी फोटो काढले. आपल्याकडचे राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८च्या दरम्यान चारदा तिबेटला गेले. त्यांचा ध्यास होता मठांतल्या संस्कृत ताडपत्रांचा, आणि त्या पोथ्यांचे फोटो काढण्यासाठी शेवटच्या फेरीत त्यांच्याबरोबर फणी मुखर्जी हे छायाचित्रकार होते.

या सगळ्यांनी मोलाचं काम केलं. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झालेले किती तरी मठ आधी कसे दिसत होते, हे आज या फोटोंमुळेच कळतं. पण यांतलं बहुतेक काम राजधानी, मठ, सरदार घराणी आणि वाटेवरच्या मुक्कामांभोवती झालं. गाव दिसतं ते घोड्यावरून जाता जाता. दारात उभी असलेली बाई फोटोत आहे, तिचं नाव नाही.

कधी कधी कॅमेरा धरणाऱ्याचंही नाव पुसलं जातं. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स बेल यांच्या १९२०-२१च्या ल्हासा मुक्कामातले बरेच फोटो त्यांच्या सोबतच्या सिक्कीमच्या राब्देन लेपचा यांनी काढलेले आहेत. ते दीर्घकाळ साहेबाच्याच नावावर राहिले.

याउलट मेल्विन गोल्डस्टाइन आणि सिंथिया बिअल या मानवशास्त्रज्ञांनी १९८६ ते १९८८च्या दरम्यान पश्चिम तिबेटच्या पाला भागातल्या ड्रोकपांबरोबर सोळा महिने काढले. समुद्रसपाटीपासून जवळपास ५,००० मीटरवर. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात उत्सवाबरोबर दूध काढणं, लोकर कातरणं, हिवाळ्यासाठी जनावरं मारणं हेही आलं. चार दिवसांचा पाहुणा सण टिपतो. वर्षभर राहणाऱ्यालाच काम दिसतं.

३. ‘पर’ म्हणजे ठसा

तिबेटी भाषेत फोटोला ‘पर’ म्हणतात आणि कॅमेऱ्याला ‘परछे’. हा शब्द कॅमेऱ्यापेक्षा खूप जुना आहे. लाकडी ठोकळ्यावर उलटी अक्षरं कोरायची, शाई लावायची आणि कागद दाबून ठसा घ्यायचा. या ठशालाही ‘पर’च म्हणतात. खाममधल्या देर्गे इथला १७२९ साली सुरू झालेला छापखाना ‘परखांग’ म्हणूनच ओळखला जातो. तिथे दोन लाखांवर कोरीव ठोकळे जपलेले आहेत आणि आजही त्यांवरून ग्रंथ हाताने छापतात.

म्हणजे तिबेटी माणसाच्या मनात फोटो पोथीच्या पानाशेजारी बसतो. पूज्य लामांच्या फोटोला तर आदरार्थी ‘कुपर’ असा वेगळा शब्द आहे. कुपर उंच जागी ठेवतात, त्याला रेशमी खाता, म्हणजे मानाचं उपरणं, अर्पण करतात, तो जमिनीवर ठेवत नाहीत, ओलांडत नाहीत. देव्हाऱ्यातली तसबीर आपण वर्तमानपत्रातल्या चित्रासारखी टाकून देत नाही, तसंच. अशा गावात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं, कारण आपण काय करतो आहोत हे समोरचा माणूस या शब्दावरून ताडत असतो.

४. विधी ही साखळी असते : सांगचं उदाहरण

आता मुख्य कल्पनेकडे येऊ. फोटो एका क्षणाचा असतो, विधी मात्र तासन्‌तास चालतो. मधला एक मणी उचलून माळ दाखवता येत नाही. सर्वांत साध्या विधीवर हे करून पाहू.

‘सांग’ म्हणजे सुगंधी धुराचा नैवेद्य. घराच्या धाब्यावर, गावाच्या टेकडीवर किंवा खिंडीत तो देतात. पुष्कळ फोटोंत दिसतो तो एकच क्षण : पांढरा धूर आणि पाठमोरा माणूस. क्रमवार नोंद करायची तर निदान इतके फोटो लागतील :

एक, ‘शुग्पा’ची, म्हणजे ज्युनिपर या सुगंधी सदाहरित झाडाची फांदी आणतानाचा. ती कुठून आणली? जवळ झाड नसेल तर विकत घेतली का?
दोन, धुपाटणं झाडून विस्तव तयार करतानाचा. ते दगड-मातीचं आहे की नव्या सिमेंटचं?
तीन, नैवेद्याच्या वाटीचा. तीत त्साम्पा असतो, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, आणि बरोबर ‘तीन पांढरे व तीन गोड’ पदार्थ : दही, दूध, लोणी, साखर, मध, गूळ. पंचामृत कालवणाऱ्या मराठी वाचकाला ही वाटी लगेच ओळखीची वाटेल.
चार, वाटी विस्तवावर रिकामी करणाऱ्या हाताचा. कुणाचा हात? घरातल्या थोरल्याचा, की आज ज्याची पाळी त्याचा?
पाच, पाणी शिंपडण्याचा.
सहा, धूर वर चढल्याचा. हाच तो सगळ्यांच्या ओळखीचा फोटो.
सात, ‘की की सो सो, ल्हा ग्यालो’ या आरोळीचा. ‘देवांचा विजय असो’ असा तिचा अर्थ. इथे फोटोबरोबर ध्वनिमुद्रण हवं.
आठ, ‘लुंगता’ हवेत उधळण्याचा. ‘वाऱ्याचा घोडा’ छापलेले हे चौकोनी कागद वरवर गेले, तर दैव उंचावतं असं मानतात.
नऊ, सगळे परतल्यावर मागे राहिलेल्या राखेचा.

नऊ फोटो ओळीने लावले, की न पाहिलेल्या माणसालाही विधी समजतो. शिवाय वीस वर्षांनी कुणी तोच विधी पुन्हा टिपला तर काय बदललं ते बोट ठेवून दाखवता येतं : शुग्पाऐवजी विकतची भुकटी, गुळाऐवजी बाजारातल्या गोळ्या. एकट्या धुराच्या फोटोशेजारी दुसरा कितीही फोटो ठेवला, तरी ही तुलना होत नाही.

५. साखळी मोठी होते तेव्हा : रेबकोंगचा लुरोल

आम्दोतलं रेबकोंग खोरं छिंगहाय प्रांतात आहे. चिनी नकाशात त्याचं नाव थोंगरेन. इथल्या चित्रकारांच्या थांका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं, प्रसिद्ध आहेत आणि २००९ मध्ये रेबकोंगच्या कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आल्या. याच खोऱ्यातल्या गावांत चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्यात ‘लुरोल’ भरतो. हा उत्सव पर्वतदेवतांसाठी आणि ‘लू’ म्हणजे पाण्यातल्या नागांसाठी. अंगणात गोल धरून पुरुष आणि मुली नाचतात. देवांसाठी, नागांसाठी आणि योद्ध्यांच्या आठवणीसाठी वेगवेगळे नाच आहेत. ‘ल्हावा’च्या अंगात देव येतो आणि तो उत्सव चालवतो. काही पुरुष गालांतून किंवा पाठीच्या कातडीतून बारीक सळया टोचून घेतात.

बाहेरचे छायाचित्रकार नेमके त्या सळयांसाठी येतात. छापलेल्या फोटोंवरून वाचकाला वाटतं, लुरोल म्हणजे सळया. आपल्या गावजत्रेचा फक्त अंगात आल्याचा एक फोटो परदेशी मासिकात आला, तर जत्रेला गेलेल्या कुणाही माणसाला कसं वाटेल?

नोंद करणारा पाच ठिकाणी उभा राहतो. पहिलं ठिकाण घर : भाकऱ्या भाजणाऱ्या बायका, ठेवणीतला पोशाख आणि पोवळ्यांचे दागिने पेटीतून काढणारी आई. दुसरं देऊळ, जिथून पालखी निघते. तिसरं नाचाचं रिंगण. चौथं ठिकाण कॅमेरे विसरतात ते : रिंगणाबाहेरचे प्रेक्षक. म्हाताऱ्या कुठे बसल्या, शहरातून सुट्टीला आलेली पोरं कुठे उभी आहेत, कोण नाच शिकतं आहे आणि कोण मोबाइलमध्ये टिपतं आहे. पाचवं ठिकाण दुसऱ्या दिवशीचं गाव, जेव्हा पोशाख पुन्हा पेटीत जातात आणि माणसं शेताकडे वळतात. सळया या पाचांमध्ये येतातच, पण आपल्या जागी येतात.

६. अंधारं स्वयंपाकघर आणि लखलखता बर्फ

आता थोडं तंत्र. फोटोला लागणारा प्रकाश म्हणजे बादली भरण्याइतकं पाणी असं समजा. नळ किती उघडा आहे, ते भिंगाचं तोंड म्हणजे ॲपर्चर. किती वेळ उघडा ठेवला, तो शटरचा वेग. बादली केवढी आहे, ते आयएसओ. आयएसओ वाढवला की बादली लहान होते आणि थोड्या पाण्यात भरते, पण फोटोत खरखर येते.

एक हिशेब करू. अंगणात कडक ऊन आहे. तिथे आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ आणि शटर १/४०० सेकंद पुरतं. आत जुन्या स्वयंपाकघरात गोवऱ्यांच्या धुराने काळवंडलेलं छत आणि एक लहान झरोका. तिथे एफ २.८ लावला की आठपट प्रकाश मिळतो. शटर १/५० केलं की आणखी आठपट. आयएसओ ३२०० केला की बत्तीसपट. ८ गुणिले ८ गुणिले ३२ म्हणजे २,०४८. अंगण आणि चूल यांच्यामधल्या एका उंबरठ्यावर प्रकाश दोन हजार पटींनी बदलतो! तिबेटी घराच्या आतले फोटो कमी का, याचं एक कारण इथे आहे. बायकांचं बरंचसं आयुष्य त्या उंबरठ्याच्या आत जातं, म्हणून फोटोंतही त्या कमी दिसतात. फ्लॅश मारून हे सुटत नाही. फ्लॅशने काळं छत पांढरं होतं आणि लोण्याच्या दिव्याचा उजेड मरतो. चुलीजवळ गुपचूप बसावं, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि खरखर चालवून घ्यावी.

बाहेरचा पेच उलटा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. त्यामुळे बर्फ मळकट येतो. तेव्हा प्रकाश दुप्पट ते चौपट वाढवायचा. काळ्या तंबूपुढे उभा काळा याक त्याच मापकाने राखाडी येतो. तिथे कमी करायचा. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. त्यावर उपाय छुपाच्या, म्हणजे तिबेटी अंगरख्याच्या, घडीत आहे. कमरेला बांधलेल्या या अंगरख्याला छातीशी मोठी खोळ तयार होते, तिच्यात माणसं चहाचा वाडगा ठेवतात. जादा बॅटरी तिथेच अंगाच्या उबेत ठेवावी.

७. फोटोओळ : अर्धा फोटो शब्दांत असतो

‘तिबेटी नववर्ष, लोसार.’ अशी फोटोओळ पुरेशी वाटते. पण ल्हासाचा लोसार पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. त्सांगमधल्या, म्हणजे शिगात्सेकडच्या, शेतकऱ्यांचा ‘सोनाम लोसार’ बाराव्या महिन्याच्या आरंभी. आग्नेय तिबेटमधल्या कोंगपोचा त्याहून आधी, दहाव्या महिन्याच्या आरंभी. गाव आणि तिथी लिहिली नाही, तर हा फोटो कुठल्या लोसारचा ते कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून प्रत्येक फोटोला सहा प्रश्न विचारावेत : कोण, कुठे, केव्हा (तिबेटी आणि इंग्रजी, दोन्ही पंचांगांत), काय करतं आहे, त्याला स्थानिक बोलीत काय म्हणतात, आणि हे कुणी सांगितलं. उदाहरण पाहा. ‘पोथ्या वाहून नेणाऱ्या स्त्रिया’ ही झाली कच्ची ओळ. पक्की ओळ अशी : ‘ओंगकोर. सातूच्या कापणीआधी गावकरी पाठीवर धर्मग्रंथ घेऊन शेतांना प्रदक्षिणा घालतात. पुढची मुलगी पहिल्यांदाच पोथी वाहते आहे. माहिती तिच्या आजीची.’ पुढे गाव, दिनांक आणि संमती असेल तर नावं. फोटो तोच, पण आता त्यात पीक आहे, श्रद्धा आहे आणि दोन पिढ्या आहेत.

या ओळी गावकऱ्यांनी सांगितल्या तरच खऱ्या. २०००नंतर छिंगहायच्या राजधानीत, शीनिंगमध्ये, शिकणारे तिबेटी विद्यार्थी सुट्टीत गावी जाताना कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक नेऊ लागले, तेव्हा हेच साधलं. बाहेरच्याला जिथे ‘एक वृद्धा’ दिसते, तिथे त्यांना आपली आजी दिसते. कुठली ओवी तिला येते आणि कधी गायची नसते, हेही ठाऊक असतं.

८. कॅमेरा खाली कधी ठेवायचा?

तीन जागा पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. ‘झातोर’, म्हणजे गिधाडांना देह अर्पण करण्याचा अंत्यविधी, हा त्या कुटुंबाच्या शोकाचा प्रसंग आहे. तिबेट स्वायत्त प्रदेशात त्याचे फोटो काढायला कायद्यानेच मनाई आहे. कायदा नसता तरी माणुसकीने काढू नयेत. मठातली ‘गोंखांग’ ही रक्षक देवतांची खोली दुसरी. तिथे विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये, आणि नकार आला तर कारण विचारू नये.

तिसरी जागा दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याची. घराच्या देव्हाऱ्यात दलाई लामांचा फोटो असू शकतो. १९९६ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी मठांतून हे फोटो हटवायला लावले. तुमच्या फोटोच्या कोपऱ्यात तो कुपर दिसतो आहे, खाली घरमालकाचं नाव आणि गाव आहे. मागच्या भागात ज्या नेमकेपणाची शिकवण दिली, तोच नेमकेपणा इथे एका कुटुंबाला संकटात टाकतो. अशा वेळी नोंद पूर्ण ठेवावी, पण छापताना नाव आणि गाव झाकावं, किंवा तो फोटो छापूच नये. माणूस आधी, फोटो नंतर.

फोटोचा धोका तिबेटी माणसाने सोसलेला आहे. देमो रिन्पोचे (१९०१–१९७३) हे तिबेटमधल्या पहिल्या छायाचित्रकारांपैकी एक. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ मध्ये, ल्हासात त्यांची जाहीर विटंबना झाली, तेव्हा त्यांचाच कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला होता. आपल्याला हे कळलं तेही फोटोंमुळेच. लेखिका वोएसेर यांच्या वडिलांनी, त्सेरिंग दोर्जे यांनी, त्या काळात काढलेले फोटो वोएसेर यांनी माणसांची नावं शोधून, साक्षीदारांशी बोलून २००६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. फोटो वडिलांचे होते. त्यांची नोंद झाली ती लेकीने दारोदार जाऊन विचारल्यावर.

९. ठोकळा आणि ठसा

शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी : फोटो परत द्यायचा. देर्गेच्या परखांगची रीत आठवा. कोरलेला ठोकळा तिथेच जपून राहतो, ठसे गावोगाव जातात. मूळ फाइल संग्रहात सुरक्षित असावी, पण कागदावरची प्रत गावात पोचावी. पडद्यावर दाखवलेला फोटो क्षणात विसरला जातो. भिंतीवर लावलेल्या प्रतीपुढे माणसं थांबतात, बोट दाखवतात, चुका दुरुस्त करतात. ‘ही माझी आत्या नव्हे, तिची जाऊ.’ ही दुरुस्ती म्हणजे नोंदीचा शेवटचा आणि सर्वांत खात्रीचा तपशील.

ज्यांना गावी परतताच येत नाही, त्यांच्यासाठी हा ठसा आणखी मोलाचा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२पासून आहे. धानाच्या शेतांशेजारी वाढलेल्या तिथल्या मुलांना सातूचं शेत ठाऊक आहे ते थोरांच्या बोलण्यातून. अशा घरात जुन्या गावाचा एखादा फोटो पोचतो, तेव्हा म्हातारी माणसं नावं सांगू लागतात आणि नातवंडं ती लिहून घेऊ शकतात.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच : फोटो काढला की चित्र मिळतं. त्यातल्या माणसाने तो हातात धरून पाहिला, दुरुस्त केला आणि मागे आपल्या भाषेत नाव लिहिलं, की त्याचा पर होतो.